माळ्यावरचा टीव्ही गेम आणि आपला संथ मारिओ

विचारणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वय 41. आईचं घर आवरताना माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला. सोबत दोन रिमोट, एक बंदूक, चार कॅसेट आणि अडॅप्टर. लावून बघायचा धीर होत नाही. मोबाइलवर मारिओ खेळून पाहिला, ‘पण तो तसा वाटत नाही’. दहा वर्षांच्या मुलाला आपलं लहानपण दाखवायचंय. धाकटा भाऊ म्हणतो, सगळा डुप्लिकेट माल आहे, भंगारात घाल. आणि शेवटी एक प्रश्न: या नादातली माणसं एकत्र येऊन नेमकं करतात काय?

मी पुण्यात आधी टीव्ही दुरुस्त करायचो. गेली वीसेक वर्षं हौस म्हणून ही यंत्रं उघडतोय, त्या अनुभवावर लिहितो.

‘तसा वाटत नाही’ हे आधी घेऊ, कारण बाकीची बरीच उत्तरं त्यातच आहेत. तुमचा हात बिघडलेला नाही, वयही आड आलेलं नाही. मोबाइलवरचा मारिओ खरोखरच जास्त वेगाने पळतोय.

मारिओ काढणाऱ्या निन्टेन्डो या जपानी कंपनीचं मूळ यंत्र फॅमिकॉम. ते 15 जुलै 1983 रोजी जपानमध्ये विक्रीला आलं. तिकडचे टीव्ही सेकंदाला 60 वेळा चित्र रंगवायचे आणि गेमचं सगळं घड्याळ त्या चित्रावरच चालायचं. एक चित्र झालं की मारिओ थोडा पुढे, कासव थोडं पुढे. आपले टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला 50 चित्रांचे. समुराई, मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी आपल्या घरांत जी यंत्रं आली, ती फॅमिकॉमच्याच घराण्यातली. यांतल्या बऱ्याच नकलांमध्ये तैवानच्या यूएमसी या कंपनीच्या किंवा त्याच धर्तीच्या चिपा असायच्या. आपल्या टीव्हीवर चित्र यावं म्हणून त्यांनी वेग 50 वर आणला, पण कॅसेटमधला गेम होता तसाच ठेवला, 60 साठी लिहिलेला. जपानी मारिओ सहा पावलं टाकायचा तेवढ्या वेळात आपला पाच टाकायचा.

हिशेब करून बघा. पहिल्या स्टेजला वर 400 पासून उलटे आकडे सुरू होतात. एक आकडा 24 चित्रांनी उतरतो. म्हणजे जपानमध्ये त्या 400 ची साधारण 160 सेकंदं होतात आणि आपल्याकडे 192. तुम्हाला अर्धा मिनिट जास्त मिळत होता आणि त्या अर्ध्या मिनिटावर तुमचा हात तयार झालाय! संगीताचंही तसंच. या चिपांनी मुख्य प्रोसेसरचा वेग मूळच्या जवळपास ठेवला, त्यामुळे सूर फारसा उतरला नाही, फक्त लय संथ झाली. म्हणून तर मोबाइलवर ती धून कुणीतरी घाईत वाजवल्यासारखी वाटते.

पुढे काय करायचं ते आता सोपं झालं. तुम्हाला मारिओ हवाय की *तुमचा* मारिओ? मारिओ कुठेही मिळेल. तुमचा मात्र त्या माळ्यावरच्या पेटीत आहे, त्यामुळे ती भंगारात जाता कामा नये.

पण अडॅप्टर लावू नका. तुमची भीती अगदी योग्य आहे.

या यंत्रांचे अडॅप्टर म्हणजे आत लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेले जड ठोकळे. त्यांच्यावर 9 व्होल्ट लिहिलेलं असतं, पण लोड नसताना मीटर 12-13 दाखवतो. ते एक वेळ चालतं, कारण आत 7805 नावाचा रेग्युलेटर बसलेला असतो आणि तो सगळं 5 व्होल्टवर आणतो. खरा घात होतो तो पिनेच्या आतल्या-बाहेरच्या टोकाचा. काही यंत्रांना मधली पिन निगेटिव्ह लागते, काहींना पॉझिटिव्ह. पिना दिसायला सारख्या, बसतातही सारख्या. सुरुवातीच्या दिवसांत मी घाईघाईत एकाचं यंत्र राउटरच्या अडॅप्टरवर लावून पाहिलं होतं. दोन सेकंदांत गोड-कडू वास आला आणि खेळ संपला. मालक समोरच बसले होते, बरोबर त्यांची मुलगी. तेव्हापासून यंत्राच्या मागे पिनेजवळचं चिन्ह पाहिल्याशिवाय आणि मीटर लावल्याशिवाय मी वीज जोडत नाही. तुमच्याकडे मीटर नसेल तर कोपऱ्यावरच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे न्या, त्याचं पाच मिनिटांचं काम आहे. वायरचं वेष्टण कडक होऊन तडकलं असेल तर अडॅप्टर सरळ बदला.

पेटी खालच्या स्क्रूंनी उघडते. आत दोनपैकी एक दृश्य दिसेल. जुन्या यंत्रात पाय असलेल्या मोठ्या काळ्या चिपा ओळीत बसलेल्या असतात. नंतरच्या यंत्रात जवळपास रिकामा बोर्ड आणि मधोमध काळ्या डांबराचा वाळलेला थेंब. अख्खं यंत्र त्या थेंबाखाली असतं. चिपा असल्या तर जवळजवळ सगळं दुरुस्त होतं, थेंब मेला असेल तर हात जोडायचे. पण थेंब सहसा मरत नाही. मी उघडलेल्या यंत्रांत बहुतेक वेळा दोष निघाला तो चालू-बंद करायच्या बटणाचा, फुगलेल्या कपॅसिटरचा किंवा रिमोटच्या वायरचा. ती वायर नेमकी रिमोटमधून बाहेर येते त्या मानेशी तुटते. कारण आपण सगळेच मारिओला उडी मारायला लावताना रिमोटही वर उचलायचो.

बटण दाबूनही उडी बसत नसेल तर रिमोट उघडा. आत रबराची गादी असते, तिच्या पोटाला काळे कार्बनचे ठिपके. कोरड्या सुती कापडाने ठिपके आणि खालची पट्टी हलकेच पुसा. ठिपका झिजलाच असेल तर टीव्हीच्या जुन्या रिमोटमधला कापून चिकटवता येतो. माझ्याकडे अशा कापलेल्या ठिपक्यांची एक काडेपेटी आहे. बायको दर दिवाळीला विचारते, ही टाकू का.

कॅसेटबद्दल एकच सांगतो: फुंकर मारू नका. आपण सगळ्यांनी मारलीय आणि ती चालायचीही, पण चालायची ती कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. फुंकरीने जातो तो तोंडातला ओलावा, आणि तांब्यावर तो काही वर्षांनी हिरवा होऊन दिसतो. कापसाची काडी घ्या, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा आणि सोनेरी दातांवरून उभी फिरवा. पहिली काडी काळी निघेल, दुसरी करडी, तिसरी जवळजवळ पांढरी. मग दहा मिनिटं वाळू द्या. खोडरबराचा सल्ला खूप जण देतात, मी देत नाही. मुलामा आधीच पातळ असतो आणि खोडरबर तो खातो.

आता टीव्ही. यंत्राला पिवळी-पांढरी एव्ही पिन असेल तर आजच्या एलईडी टीव्हीवर चित्र येईल, फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा. नाहीतर बटण दाबणं आणि मारिओने उडी मारणं यांत जरासं अंतर पडतं, आणि खड्डा येतो तो नेमका त्या अंतरात. फक्त अँटेनाची पिन असेल तर टीव्हीला जुन्या पद्धतीचा ट्यूनर हवा आणि चॅनल शोधत बसायची तयारी हवी. मुंग्यांमधून हळूहळू चित्र वर येतं, त्यात मला अजूनही मजा वाटते.

बंदूक मात्र एलईडीवर चालणार नाही. कितीही नवी केबल लावा, चालणार नाही. तिच्यातून काहीच बाहेर पडत नाही, तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक डोळा आहे. घोडा ओढला की गेम क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. डोळ्याला तो चौकोन दिसला तर बदक पडतं. हे सगळं डब्बा टीव्हीच्या किरणाच्या तालावर बेतलेलं आहे. एलईडी टीव्ही चित्र घेऊन त्यावर प्रक्रिया करतो आणि उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीची बघायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून डब्बा टीव्ही हवा. पुण्यात रविवारी-बुधवारी जुन्या बाजारात अजून कधीमधी दिसतो, पण आधी नातेवाइकांना विचारा, कुणाच्या तरी खोलीत कापड टाकून ठेवलेला असतोच. फक्त तो स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये जबर व्होल्टेज साठून राहू शकतं.

बंदुकीवरून आठवलं. डक हंट या बदकं मारायच्या गेममध्ये एकाच बदकाचा जो पहिला खेळ आहे, त्यात दुसऱ्या रिमोटने बदक उडवता येतं. लहानपणी हे आमच्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. मुलाला बंदूक द्या, रिमोट तुमच्याकडे ठेवा आणि त्याला काही सांगू नका.

संगणकावरच खेळायचं असेल तरी एक युक्ती आहे. मेसेन किंवा एफसीईयूएक्स हा इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घ्या आणि प्रदेशाच्या सेटिंगमध्ये जपान-अमेरिका किंवा पाल न निवडता ‘डेंडी’ निवडा. डेंडी हे रशियात 1992 पासून विकलं गेलेलं याच जातीचं नकली यंत्र. तिकडेही अख्खी पिढी त्याच संथ मारिओवर वाढली, आणि त्यांच्यातल्याच हौशी लोकांनी त्या चिपांचा ताल मोजून इम्युलेटरमध्ये बसवून घेतला. तो पर्याय निवडला की तुमचा मारिओ पुन्हा पाच पावलांवर येईल. पोलंडमध्ये याच घराण्याचं पेगॅसस होतं. एकदा एका पोलिश माणसाशी बोलत होतो. त्याच्या कॅसेटवरचं चित्र आणि माझ्या कॅसेटवरचं चित्र एकच, समुद्र आणि उडणारे पक्षी. आमचे देश वेगळे, पण गल्ली एकच निघाली.

गेमच्या फाइली कुठून आणायच्या, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुढे पडणारच. जुने असले तरी हे गेम मोफत झालेले नाहीत. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये स्वतःकडच्या प्रोग्रॅमची प्रत, तो खराब झाला तर हाताशी असावी म्हणून, करून ठेवायची मुभा आहे, पण तुमच्या डुप्लिकेट कॅसेटला ती लागू होते असं मी म्हणणार नाही. सरळ मार्गही आहेत. कोनामी कंपनीने तिच्या कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेमचे जुने भाग 2019 मध्ये एकत्र करून अधिकृतपणे विक्रीला आणलेत. शिवाय त्या जुन्या यंत्रासाठी आजही नवे गेम लिहिणारे लोक आहेत. ‘मायक्रो मेजेस’ नावाचा एक चौघांनी खेळायचा गेम अवघ्या 40 किलोबाइटमध्ये बसवलाय, म्हणजे मूळ सुपर मारिओएवढ्याच जागेत. सकाळी येणाऱ्या गुड मॉर्निंगच्या फोटोला याहून जास्त जागा लागते. मारिओमधले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. जागा वाचवायचे असे उपाय मारिओ लिहिणाऱ्यांना करावे लागले.

आता तुमच्या भावाचा मुद्दा. माल डुप्लिकेट आहे, ते खरंच आहे. मी लहानपणी मूळ निन्टेन्डो एकही पाहिला नाही, ना आमच्या गल्लीत, ना तासावर भाड्याने देणाऱ्या दुकानात. पण म्हणूनच तो ठेवायचा. कॉन्ट्राचं उदाहरण घ्या. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, मग बी आणि ए ही बटणं, हा 30 जीव देणारा मंत्र जगात प्रसिद्ध आहे. कोनामीच्याच ग्रेडियस या गेमची 1986 ची फॅमिकॉम आवृत्ती तपासताना ती फार अवघड जात होती, म्हणून काझुहिसा हाशिमोतो यांनी तो आधी त्यात घातला होता. मला तो मोठेपणी कळला. आमच्या कॅसेटवर यादीतच ‘कॉन्ट्रा’ एकदा आणि ‘कॉन्ट्रा 30’ एकदा असे दोन गेम होते. कुठल्यातरी कारखान्यातल्या कुणीतरी प्रोग्रॅम उघडून जिवांचा आकडा बदलून ठेवला होता. 9999 गेमची यादी अशीच तयार व्हायची. मुळात गेम पंचवीस-तीस, बाकी त्यांचीच रूपं: कुणाची सुरुवात चौथ्या स्टेजपासून, कुणात बूट घालूनच जन्मलेला मारिओ. आपण त्याला फसवणूक म्हणायचो. आज मला तो एका अनामिक माणसाचा उद्योग वाटतो आणि त्याची नोंद कुठेच नाही याची हळहळ वाटते.

या नादातली माणसं करतात काय, त्याचं माझ्यापुरतं उत्तर हेच. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने 2023 मध्ये एक अभ्यास केला. त्यात तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळत नाहीत असं दिसलं. ही गत अस्सल गेमची, डुप्लिकेटना तर कुणी हिशेबातही धरत नाही. मग जगभर विखुरलेले काही लोक कॅसेट उघडतात, आतला मजकूर यंत्राने वाचून उतरवून घेतात, लेबलांचे आणि खोक्यांचे फोटो काढून ठेवतात. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मशिनांसाठी हेच काम मेम हा प्रकल्प 1997 पासून करतोय.

पार्लर म्हटलं की ‘मुस्तफा’ आलाच. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉम या जपानी कंपनीने 1993 मध्ये काढला. आपल्याकडे ते नाव कुणी घेतलं नाही. चौघा पात्रांतला मुस्तफा कैरो धावत येऊन जी लाथ घालायचा, तिच्यामुळे अख्ख्या गेमचंच नाव मुस्तफा पडलं. मूळ बोर्डावर कॅपकॉमने नक्कल होऊ नये म्हणून एक बॅटरी बसवली होती. आवाजाचा प्रोग्रॅम कुलूपबंद आणि किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर. बॅटरी संपली की किल्ली गेली, मग आवाजाच्या चिपेला स्वतःचाच प्रोग्रॅम वाचता येत नाही. नकली बोर्डवाल्यांनी आवाजाची व्यवस्थाच दुसरी केली, त्यामुळे ती भानगड तिथे नव्हती. अस्सल मुका होऊन बसलाय आणि नक्कल अजून गातेय, असे बोर्ड मी पाहिलेत. भावाला हे आवर्जून सांगा. हा गेम दुसऱ्यांच्या एका कॉमिकचे हक्क घेऊन बेतलेला, बहुधा म्हणूनच कॅपकॉमने तो आजतागायत पुन्हा विक्रीला आणलेला नाही.

बाकी मंडळींत वेगाचे वेडे आहेत. मारिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत 4 मिनिटं 55 सेकंदांच्या आत 2021 मध्ये पहिल्यांदा संपवला गेला, आणि तेव्हापासून भांडण सेकंदाच्या बारीक तुकड्यांवर चाललंय. टेट्रिसवाले आहेत. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या 13 वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोवरचा टेट्रिस 157 व्या पातळीपर्यंत नेऊन गेमच अडकवला, माणसाच्या हातून असं पहिल्यांदाच झालं. हे बघायला मजा येते, पण तिथून सुरुवात करू नका. आणि खरेदीपासून तर मुळीच नको. नवशिक्याला ‘दुर्मिळ’ म्हणून साधी कॅसेट विकणारे या नादात भरपूर आहेत. लेबलावर गेमचा आकडा मोठा म्हणजे किंमत जास्त, असं काही नसतं.

आमच्याकडे महिन्यातून एका रविवारी सहा-सात जण जमतो. कुणी सोल्डरिंग गन आणतं, कुणी डबे भरून चिवडा. अर्धा वेळ दुरुस्तीत जातो, उरलेल्या वेळात बॅटल सिटी, म्हणजे आपला टँक, जोडीने. माझा जोडीदार बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ आहे. अजूनही माझ्याच टँकवर गोळी झाडून मला जागेवर खिळवतो आणि वर म्हणतो, ‘तू मध्ये आलास.’ अशा ठिकाणी नवीन माणसाला फक्त एक गोष्ट सांभाळावी लागते. ‘माझा गेम चालत नाही’ एवढंच म्हणून थांबू नये. लाल दिवा लागतो का, टीव्हीवर मुंग्या येतात की काळा पडदा, कॅसेट न घालता काय दिसतं, हे तीन सांगितलं की निम्मं निदान झालं. आणि कॉन्ट्रामध्ये गोळ्या वाढल्यावर चित्रं लुकलुकतात, तो बिघाड नाही. एका आडव्या रेषेवर आठच हलती चित्रं दाखवायची त्या चिपेची क्षमता आहे. नववं आलं की गेम पाळीपाळीने एकेकाला गाळतो. पुष्कळ जण तेवढ्यासाठी यंत्र घेऊन येतात.

तर या आठवड्यात एवढं करा. अडॅप्टर बाजूला ठेवा. यंत्राची खालची बाजू, मागचं पिनेजवळचं चिन्ह आणि उघडल्यावर आतला बोर्ड, तिन्हींचे उजेडात फोटो काढा. स्क्रू एका डबीत ठेवा, ते वेगवेगळ्या लांबीचे असतात. चारही कॅसेटच्या लेबलांचे फोटो काढा, फाटकी असली तरी. आणि यंत्र चालू झालं की खेळायला बसण्याआधी प्रत्येक कॅसेटच्या यादीतली सगळी पानं शेवटपर्यंत पुढे सरकवून वहीत उतरवून घ्या, चुकीच्या स्पेलिंगसकट. त्यातली एखादी यादी अजून कुणीच लिहून ठेवलेली नसेल.